‘निळं आलं’ म्हणजे नेमकं काय आलं?

कापसाचा हंगाम लागला की जळगाव जिल्ह्यातल्या जिनिंगच्या वजनकाट्यांवरचे संगणक दिवसभर चालू असतात. गेटबाहेर ट्रॅक्टर आणि आयशरच्या रांगा लागतात, आणि नेमक्या अशा वेळी काट्यावरच्या पोराचा फोन येतो, “भो, पुन्हा निळं आलं.” त्यावर काय लिहिलं होतं असं विचारावं, तर उत्तर ठरलेलं: “इंग्रजीत काहीतरी होतं. मी बटण दाबून बंद केलं ना.”

इथंच अर्धं काम बिघडतं. ‘निळं’ म्हणजे विंडोज अचानक थांबली की येणारा निळा पडदा. त्यावरचा रडका चेहरा आणि ‘युअर पीसी रॅन इन्टू अ प्रॉब्लेम’ हे वाक्य यांत माहिती काहीच नसते. कामाचं असतं ते खाली बारीक अक्षरांत: एक स्टॉप कोड, म्हणजे विंडोज कशावरून थांबली त्याची खूण, आणि नशीब असेल तर ‘व्हॉट फेल्ड’पुढे एका फाइलचं नाव. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा केला आहे, म्हणजे ‘निळं आलं’ हे बोलणं हळूहळू जुनं होईल. कोड मात्र तेच राहिलेत. त्यातल्या बऱ्याच कोडच्या मुळाशी प्रोसेसरने दिलेला एक नंबर असतो, आणि त्या नंबरांची पद्धत विंडोजच्याही आधीची, १९७८ सालच्या इंटेल ८०८६ प्रोसेसरपासूनची आहे.

कोड गुगलवर टाकला की पहिला सल्ला येतो: फॉरमॅट मारा. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांतही तेच होतं. माझं मत विचाराल तर हा सल्ला बहुतेक वेळा आळसाचा आहे. कोड हे बिघाडाचं नाव नव्हे. प्रोसेसरने कोणतं काम करायला नकार दिला, एवढंच तो सांगतो. नकार का द्यावा लागला, हे आपण शोधायचं असतं, आणि शोध कुठून सुरू करायचा ते त्या आकड्यावरून बऱ्यापैकी कळतं.

प्रोसेसर एकामागून एक सूचना वाचतो आणि पाळतो: ही संख्या उचल, त्या संख्येने भाग, निकाल अमुक पत्त्यावर ठेव. सेकंदाला अब्जावधी सूचना. त्यातली एखादी पाळता येण्यासारखी नसते. शून्याने भागायला सांगितलेलं असतं, किंवा ज्या पत्त्यावर लिहायचं तिथं लिहायची परवानगी नसते. अशा वेळी प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, घडलेल्या प्रकाराचा ठरलेला नंबर काढतो आणि २५६ नोंदींच्या एका कोष्टकात त्या नंबरापुढे कोणता पत्ता आहे ते पाहून तिकडे उडी मारतो. हा प्रकार म्हणजे एक्सेप्शन. कोष्टक भरून ठेवलेलं असतं ऑपरेटिंग सिस्टिमने, म्हणजे विंडोजसारख्या मूळ प्रणालीने. त्यातले ० ते ३१ हे नंबर इंटेलने स्वतःसाठी राखून ठेवले आहेत. ० म्हणजे भागाकार फसला, ३ म्हणजे मुद्दाम ठेवलेला थांबा, ६ म्हणजे न समजणारी सूचना, ८ म्हणजे डबल फॉल्ट, १३ म्हणजे संरक्षणाचा नियम मोडला, १४ म्हणजे पेज फॉल्ट, १८ म्हणजे खुद्द हार्डवेअरची तक्रार.

(राखून ठेवलेलं सगळ्यांनी पाळलं असं नाही. आयबीएमने पहिला पीसी काढताना नंबर ५ प्रिंट स्क्रीनला देऊन टाकला. पुढच्या प्रोसेसरांत इंटेलने तोच नंबर ॲरेची (ओळीने ठेवलेल्या माहितीच्या यादीची) हद्द तपासणाऱ्या सूचनेला दिला, आणि दोघांची टक्कर झाली.)

नंबर मिळाल्यावर काय करायचं ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. अडचण साध्या प्रोग्राममध्ये असेल तर ती आधी त्या प्रोग्रामलाच विचारते की तुझं तू निस्तरतोस का. तो निस्तरत नसेल तर तेवढा प्रोग्राम बंद. म्हणून टॅली बंद पडली तरी संगणक चालू राहतो. पण अडचण ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटरसारखी यंत्रं चालवायला कर्नलला जोडलेल्या प्रोग्राममध्ये) आली, तर वर कोणी उरत नाही. तिथं पुढे रेटलं तर चुकीचा डेटा डिस्कवर लिहिला जाण्याची भीती असते, म्हणून विंडोज जाणूनबुजून सगळं थांबवते. निळा पडदा हा असा मुद्दाम घातलेला ब्रेक आहे, आणि हिशेबाची फाइल वाचली तर ती त्याच्यामुळेच वाचते.

या सगळ्यांत १४ नंबर नीट समजून घेण्यासारखा आहे. हा एक कळला की अर्ध्याहून जास्त कोड आपोआप उलगडतात.

प्रत्येक प्रोग्रामला वाटतं की सगळी मेमरी आपल्या एकट्याची आहे. तो वापरतो ते पत्ते खरे नसतात. प्रोसेसर दर वेळी एका दप्तरात पाहून त्या पत्त्याची खरी जागा शोधतो. गावच्या जमिनीचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा सातबारा असतो, तसे मेमरीचे साधारण ४ किलोबाइटचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात, आणि प्रत्येक पेजचा एक उतारा असतो. त्या उताऱ्यावर तीन गोष्टी पाहिल्या जातात: हे पेज आत्ता रॅममध्ये हजर आहे का, यावर लिहायची मुभा आहे का, आणि साध्या प्रोग्रामला इथं प्रवेश आहे की फक्त कर्नलला. मागणी आणि उतारा जुळले नाहीत, की एक्सेप्शन १४. कोणत्या पत्त्यावरून अडलं ते प्रोसेसर स्वतःच्या सीआर२ नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्याशा जागेत, लिहून ठेवतो.

गंमत म्हणजे पेज फॉल्ट हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. पेज प्रोग्रामचंच असतं, फक्त रॅममध्ये जागा नव्हती म्हणून डिस्कवर ठेवलेलं असतं. विंडोज ते परत आणते, उतारा दुरुस्त करते, आणि अडलेली सूचना प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून पाळतो. प्रोग्रामला याचा पत्ताही लागत नाही. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा रकाना असतो, तो उघडून पाहा. चांगल्या चालत्या संगणकावरही आकडे हलताना दिसतील.

पेज कोणाच्याच नावावर नसेल तर मात्र प्रकरण वाढतं, आणि तोच १४ नंबर कुठे घडला त्याप्रमाणे नाव बदलून समोर येतो. विंडोज ९८ च्या काळात सायबर कॅफेत ज्यांनी तास मोजून पैसे भरले, त्यांना ‘अ फेटल एक्सेप्शन ०ई हॅज अकर्ड ॲट ००२८’ हे वाक्य आठवत असेल. हे कोड १६ च्या पायावर लिहितात. ९ नंतर ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं एफ म्हणजे १५ पर्यंत. ०ई म्हणजे १४. पुढचा ००२८ हा आकडा सांगायचा की गडबड विंडोजच्या गाभ्यातली आहे, तुमच्या गेममधली नाही. आजच्या विंडोजमध्ये साध्या प्रोग्राममध्ये हेच घडलं तर सी००००००५ दिसतो, ज्याला ॲक्सेस व्हायलेशन म्हणतात. क्रोममध्ये एखादं टॅब मरून ‘स्टेटस ॲक्सेस व्हायलेशन’ येतं ते हेच. कर्नलमध्ये घडलं तर ५०, म्हणजे ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. कर्नल अशा घाईच्या कामात असेल की डिस्कची वाट पाहणंच शक्य नाही, तर ०ए किंवा डी१, ज्यांच्या नावात ‘आयआरक्यूएल’ असतं. आणि लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’.

लिनक्सची नोंद मला जास्त आवडते, कारण ती प्रोसेसरचं म्हणणं न सजवता देते. ओळीत ‘एरर ४’, ‘एरर ६’, ‘एरर ७’ असं काही असतं. ही बेरीज असते: मागणारा साधा प्रोग्राम असेल तर ४, लिहायला गेला असेल तर आणखी २, पेज हजर होतं पण परवानगी नव्हती तर आणखी १. म्हणजे एरर ४: प्रोग्राम नसलेलं पेज वाचायला गेला. एरर ७: पेज होतं, पण फक्त वाचण्यासाठीचं, आणि हा त्यावर लिहायला निघाला.

विंडोजच्या जुन्या चौकटीतही एवढी माहिती असते, फक्त कोणी वाचत नाही. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या बिलिंग प्रोग्रामवर अशी चौकट यायची: अमुक पत्त्यावरच्या सूचनेने ००००००१८ या पत्त्यावरची मेमरी मागितली, आणि ‘द मेमरी कुड नॉट बी रीड’. पहिला पत्ता सूचनेचा, दुसरा मागणीचा. दुसरा पत्ता शून्याच्या इतका जवळ असला की प्रकार बहुतेक एकच असतो. प्रोग्रामने ग्राहकाची नोंद शोधली, सापडली नाही, म्हणून नोंदीचा पत्ता शून्य आला. तो शून्य न तपासता प्रोग्राम तिथून २४ बाइट पुढचा रकाना वाचायला गेला (१६ च्या पायावरचे १८ म्हणजे आपले २४). शून्याजवळचा भाग विंडोज मुद्दाम कोणालाच देत नाही, असल्या चुका लगेच पकडल्या जाव्यात म्हणून. इथं रॅम बदलून, विंडोज टाकून काही होणार नव्हतं. ज्या ग्राहकाचं खातं अर्धवट भरलं होतं ते पूर्ण केलं आणि चौकट थांबली. खरी दुरुस्ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने करायची होती, पण तो पुण्यात.

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगभरातले विंडोज संगणक एकाच वेळी निळे झाले, ती गोष्टही १४ नंबरचीच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरला एक छोटी माहितीची फाइल पाठवली. तिला २१ रकाने अपेक्षित होते, सॉफ्टवेअर पुरवत होतं २०. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर हद्दीबाहेरच्या पत्त्यावर पोचला, आणि तो कर्नलमध्ये बसलेला असल्यामुळे सगळा संगणकच गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पडद्यावर कोड होता तो ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. याच कोडसाठी इंटरनेटवर ‘रॅम खराब आहे’ असं बिनधास्त सांगितलं जातं. खरा धागा खालच्या ओळीतल्या फाइलच्या नावात होता.

अर्थात त्या ओळीवरही डोळे मिटून विसंबू नये. अडखळला कोण, हे ती सांगते. रस्ता आधीच दुसऱ्याने खोदून ठेवलेला असू शकतो. तिथं विंडोजच्या मुख्य कर्नलची, एनटीओएसकर्नलची फाइल दिसली तर बहुतेक वेळा तिच्यात दोष नसतो. दुसऱ्याने बिघडवलेली मेमरी तिच्या वाट्याला आलेली असते.

आता ० नंबर. शून्याने भागलं की हा येतो, आणि विंडोज प्रोग्रामसाठी त्याला सी०००००९४ म्हणते. पण शून्याने न भागताही तो येतो, हे फार जणांना माहीत नसतं. टर्बो पास्कल या बोरलँड कंपनीच्या प्रोग्रामिंग साधनात बनवलेले कितीतरी प्रोग्राम १९९० च्या दशकाअखेर नव्या, वेगवान संगणकांवर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००: डिव्हिजन बाय झिरो’ म्हणून मरायला लागले. प्रोग्रामात कुठेच शून्य नव्हतं. भानगड अशी की बोरलँडच्या सीआरटी युनिटमध्ये, म्हणजे पडदा-कीबोर्ड हाताळणाऱ्या तयार भागात, सुरू होताना ५५ मिलिसेकंदांत हा संगणक किती फेऱ्या मारतो ते मोजून त्या संख्येला ५५ ने भागायचे. उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे ६५५३५ च्या वर मावणार नाही. संगणक साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले आणि उत्तर त्या जागेत मावेना. उत्तर न मावणं आणि शून्याने भागणं या दोन्हींसाठी प्रोसेसरकडे एकच नंबर आहे. संदेश लिहिणाऱ्याने त्यातलं एकच कारण छापलं होतं. मोबाइलमधल्या आजच्या ६४ बिटी एआरएम प्रोसेसरचा स्वभाव आणखी वेगळा: पूर्णांकाला शून्याने भागलं तर तो गुपचूप शून्य उत्तर देतो, एक्सेप्शन येतच नाही.

६ नंबर, म्हणजे सी०००००१डी किंवा लिनक्सवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’, हा सेकंडहँड संगणक घेणाऱ्यांच्या वाट्याला हमखास येतो. जुन्या कोअर २ ड्युओवर एखादा विद्यार्थी टेन्सरफ्लो (मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर) टाकतो, चालू करताच ते पडतं, आणि तो डाउनलोड खराब झालं म्हणून पुन्हा डेटा जाळतो. डाउनलोड ठीकच असतं. २०१८ मधल्या १.६ आवृत्तीपासून टेन्सरफ्लोच्या तयार फाइलींत एव्हीएक्स सूचना वापरल्या जातात, आणि त्या सूचना समजणारे प्रोसेसर २०११ मध्ये आले. त्याआधीच्या प्रोसेसरला ती भाषाच येत नाही. जुनी आवृत्ती शोधा, किंवा मूळ कोडवरून स्वतः संकलित (कंपाइल) करा.

१३ वर फार थांबत नाही. विंडोज ३.१ मधला कुप्रसिद्ध ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ तो हाच, आणि इतर कोणत्याही नंबरात न बसणारे नियमभंग यातच टाकले जातात. ८००००००३ हा कोडही घाबरण्याचा नाही: सी ने सुरू होणारे कोड गंभीर, ८ ने सुरू होणारे इशाऱ्याचे. हा ३ नंबरचा थांबा आहे, आणि काही प्रोग्राम आत काहीतरी भलतंच आढळलं की पुढे जाण्यापेक्षा या सूचनेने स्वतःला मुद्दाम पाडतात.

८ नंबर मात्र जड आहे. एक एक्सेप्शन सोडवायला जातानाच दुसरं आलं की डबल फॉल्ट. विंडोज याला ७एफ या कोडखाली दाखवते आणि कोडपुढच्या कंसातल्या पहिल्या आकड्यात ८ लिहिते. बहुतेकदा कर्नलची स्टॅकची जागा (चालू कामांची तात्पुरती नोंद ठेवायची मेमरी) संपलेली असते. त्यातही पुन्हा अडलं तर तिसरा नंबरच नाही. प्रोसेसर हात वर करतो आणि संगणक कोणताही पडदा न दाखवता रिस्टार्ट होतो. इंटेलच्या ८०२८६ प्रोसेसरच्या काळात संरक्षित मोडमधून, म्हणजे मेमरीचे नियम लागू असलेल्या पद्धतीतून, जुन्या मोडमध्ये परत यायची सरळ वाट नव्हती, तेव्हा प्रोग्रामर हा तिहेरी फॉल्ट मुद्दाम घडवून आणायचे. जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही.

१८ नंबर, विंडोजमधला १२४, हा एकच असा आहे जिथे मी आधी पेचकस हातात घेतो. प्रोसेसरने स्वतःच्या आत किंवा मेमरीच्या वाटेवर न दुरुस्त होणारी चूक पकडलेली असते. व्होल्टेज, मदरबोर्ड, जास्त ताणलेला वेग, रॅम, इथून सुरुवात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, म्हणून प्रत्येक क्रॅश उन्हाच्या माथी मारायची सवय आहे. पण प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर स्वतः बंद होतो, आणि तेव्हा कोड येतच नाही. कोड आला असेल तर नुसत्या उन्हावर थांबू नका.

पडद्याचा एकच फोटो पाहून मी सहसा काही बोलत नाही, चार-पाच लागतात. कोड दर वेळी तोच, फाइलही तीच, तर ड्रायव्हर किंवा प्रोग्राम. कोड दर वेळी वेगळा, तर संशय हार्डवेअरवर. चोपड्याकडच्या एका जिनिंगमध्ये काट्याच्या संगणकाने एकदा ५० दिला, मग ३बी, मग १ए, मग डी१, आणि फाइलचं नाव प्रत्येक वेळी निराळं. चार ड्रायव्हर एकाच हंगामात बिघडत नसतात. डबा उघडला तर पंख्यावर कापसाच्या तंतूंचा थर, आणि तोच थर रॅमच्या खाचेपर्यंत पोचलेला. रात्री काटा बंद झाल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला, चुकांच्या लाल ओळी धडाधड उतरल्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून एकेक करून तपासल्यावर एकीवर ओळी येत राहिल्या, दुसरी स्वच्छ. खोडरबराने संपर्क घासूनही पहिली सुधारली नाही, ती बदलली. विंडोजला हात लावावा लागला नाही. त्याआधी ती एकदा नव्याने टाकून झाली होती, अर्थातच.

सगळेच स्टॉप कोड प्रोसेसरकडून येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. ७बी म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्क सापडली नाही, ९एफ म्हणजे एखादा ड्रायव्हर झोपेतून उठला नाही. ह्या विंडोजच्या स्वतःच्या तपासण्या आहेत. वरचं १४-१३-६ चं गणित त्यांना लावू नका.

आणि फोटो काढायचा राहिलाच, तर विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर (घडामोडींची नोंदवही) उघडून सिस्टिम लॉगमध्ये ‘कर्नल पॉवर’ची ४१ नंबरची नोंद शोधा आणि तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ पाहा. इथं एक खोच आहे: हा आकडा आपल्या नेहमीच्या दहाच्या पायावर असतो. तिथं ८० दिसलं तर पडद्यावर ५० होतं, ५९ म्हणजे ३बी, २०९ म्हणजे डी१. तो तसाच गुगलवर टाकला तर भलत्याच कोडची पानं उघडतात. आणि तिथं ० असेल, तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळालेला नाही. तेव्हा मेमरी टेस्टच्या आधी यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून पाहायचा. संगणक त्याच क्षणी गेला, तर बॅटरी बदलायची.